लंडनवर न आलेला वायू

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेत २१ आणि २८ मे २००५ रोजी दोन भागांत दाखविल्या गेलेल्या ‘द एम्प्टी चाइल्ड’ आणि ‘द डॉक्टर डान्सेस’ या जोडकथेची गणना आता दूरचित्रवाणीवरील अभिजात विज्ञानकथांमध्ये होते, आणि २००६ साली तिला या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. परंतु ही कथा भोपाळमध्ये बसून पाहिली, तर तिचा जो अर्थ लागतो तो लंडनच्या प्रेक्षकाला सहसा लागत नसावा. कथेचा काळ १९४१ चा, स्थळ जर्मन बॉम्बवर्षावाखालचे लंडन, आणि तिच्यातले सारे भय ज्या एका वस्तूभोवती फिरते ती वस्तू म्हणजे गॅसमास्क, अर्थात विषारी वायूपासून बचाव व्हावा म्हणून तोंडावर चढवायचा रबरी मुखवटा. ज्या हल्ल्याच्या धास्तीने हे मुखवटे इंग्लंडच्या घराघरांत पोचले होते, तो हल्ला त्या देशावर कधी झालाच नाही. भोपाळवर विषारी वायू आला तो मात्र कुठलेही युद्ध चालू नसताना, शहर झोपलेले असताना, आणि कुणाच्याही घरात मुखवटा नसताना आला.

‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली आणि २००५ मध्ये नव्या रूपात परतली. तिचा नायक ‘डॉक्टर’ एवढ्याच नावाने ओळखला जाणारा परग्रहवासी असून तो काळातून आणि अवकाशातून प्रवास करतो. त्याचे यान बाहेरून जुन्या लंडनमधल्या निळ्या पोलिसी टेलिफोन-पेटीसारखे दिसते आणि आतून अवाढव्य असते. मरणाच्या दारी पोचला की हा नायक नवा देह धारण करतो, त्यामुळे नट बदलला तरी मालिका चालू राहते. २००५ साली ही भूमिका ख्रिस्तोफर एक्लस्टन यांच्याकडे होती. ही परंपरा मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही. मालिकेच्या अगदी पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. आणि त्याआधी १९६१ मध्ये बीबीसीवर आलेली ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका ज्यांनी जॉन एलियट यांच्यासह लिहिली ते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल हे केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे गुरू होते. नामांकित शास्त्रज्ञाने करमणुकीसाठी कथा लिहिण्यात कमीपणा नाही, हे नारळीकरांना गुरूच्याच उदाहरणावरून दिसले होते, आणि त्याचे फळ १९७४ पासून मराठी विज्ञानकथेच्या पदरात पडले, ही गोष्ट इथे जाता जाता नोंदवण्याजोगी आहे.

स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेल्या आणि जेम्स हॉज यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रस्तुत कथेत आकाशातून पडलेल्या एका धातूच्या नळकांड्याचा माग काढत डॉक्टर आणि त्याची सहप्रवासी रोझ बॉम्बवर्षावातल्या लंडनमध्ये येऊन पोचतात. तिथे चार-पाच वर्षांचा वाटणारा, तोंडावर गॅसमास्क असलेला एक मुलगा रात्री एकटाच फिरत असतो, आणि भेटेल त्याला तू माझी आई का, एवढे एकच विचारत असतो. तो कुणावर धावून जात नाही, ओरडत नाही, त्याच्या हातात शस्त्र नसते. त्याचा आवाज जोडणी नसलेल्या टेलिफोनमधून, बंद पडलेल्या रेडिओतून, खेळण्यातल्या माकडातून येतो, आणि तो ज्याला स्पर्श करील त्याची गत त्याच्यासारखीच होते. बेवारस मुलांना जमवून त्यांना जगवणारी नॅन्सी ही तरुणी त्या मुलाला ओळखते. तो आपला धाकटा भाऊ जेमी असून बॉम्बस्फोटात मरण पावला, असे ती सांगते. मेलेला मुलगा परत आला आहे आणि त्याला आई हवी आहे, एवढ्या भांडवलावर मॉफट यांनी नव्वदएक मिनिटांची कथा उभी केली आहे.

कथेतला सर्वांत परिणामकारक प्रसंग ॲल्बियन रुग्णालयात घडतो आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. वॉर्डात ओळीने खाटा लावलेल्या असून प्रत्येक खाटेवर गॅसमास्क घातलेला एक देह निपचित पडलेला आहे. त्यांची देखभाल करणारे एकमेव वृद्ध डॉ. कॉन्स्टंटाइन (ही भूमिका रिचर्ड विल्सन यांची) नायकाला रोगी तपासून पाहायला सांगतात, पण हात लावू नका असेही बजावतात. पहिल्या रोग्याच्या डोक्याला मार आहे, छातीची एक बाजू दबलेली आहे, हाताच्या पाठीवर वण आहे, आणि मुखवट्याला शिवण किंवा पट्टा काहीच नाही, तो मांसाशी एकजीव झाला आहे. दुसऱ्या रोग्याचीही तीच डोक्याची जखम, तीच छाती, तोच वण; तिसऱ्याचेही तसेच. पहिला रोगी म्हणून एक मूल आले, दुसऱ्या दिवशी त्याला तपासणाऱ्यांना त्याच जखमा झाल्या, मग साऱ्या वॉर्डाला, मग साऱ्या रुग्णालयाला, असा वृत्तान्त वृद्ध डॉक्टर संथपणे सांगतात. युद्धाआधी आपण बाप होतो, आजोबा होतो, आता त्यांतले काहीच उरलो नाही, फक्त डॉक्टर तेवढे राहिलो, या अर्थाचे त्यांचे बोलणे चालू असतानाच त्यांचा घसा दाटतो, तोंडून त्या मुलाचाच प्रश्न बाहेर पडतो, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत त्यांच्या तोंडातून मुखवट्याची नळी वर येते. संगणकीय चित्रकरामतीचा हा एकच ठळक प्रसंग असावा. बाकीचे भय अंधार, आवाज आणि अभिनय यांवर चालते, आणि म्हणूनच ते टिकले आहे.

या भयामागची ऐतिहासिक पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर मुखवटा ही दिग्दर्शकाची नुसती युक्ती वाटण्याचा संभव आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरिन वायू मोठ्या प्रमाणावर सोडला. चारच दिवसांनी तिथे प्रतिहल्ल्यासाठी पाठवलेल्या फौजेत हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन होती. तिच्यातील जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि वायूची बाधाही तिथलीच झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस फॉस्जीन रणांगणावर आला. कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरिन यांच्या संयोगाने बनणारा हा वायू क्लोरिनपेक्षा अधिक घातक असतो, कारण त्याने लगेच गुदमरायला होतेच असे नाही, माणूस काही तास हिंडताफिरता राहतो आणि मग फुप्फुसांत पाणी भरून दगावतो. त्या युद्धातील वायुबळींपैकी बहुतांश फॉस्जीनचे होते. १९२५ च्या जिनीव्हा करारान्वये अशा वायूंचा युद्धातील वापर निषिद्ध ठरला, पण ते तयार करणे आणि साठवणे निषिद्ध ठरले नाही, ही फट पुढे महत्त्वाची ठरते.

दुसरे युद्ध आकाशातून येणार आणि आकाशातून वायूच येणार अशी ब्रिटिश सरकारची खात्री झाली होती, म्हणून १९३८ पासून सुमारे ३ कोटी ८० लाख मुखवटे नागरिकांना वाटले गेले. लहान मुलांनी घाबरू नये म्हणून लाल रबराचा, ‘मिकी माउस’ या लाडक्या नावाने ओळखला जाणारा वेगळा मुखवटा काढण्यात आला. तान्ह्या बाळांसाठी अंगभर चढवायची टोपी होती आणि तिच्यात आईने हातपंपाने हवा भरायची होती. रस्त्यावरच्या टपालपेट्यांच्या माथ्यावर वायूचा संसर्ग होताच रंग बदलणारा लेप लावला गेला. वायूची सूचना देण्यासाठी वॉर्डनच्या हाती लाकडी खुळखुळे आणि धोका टळल्याचे कळवण्यासाठी घंटा देण्यात आल्या. शाळांमधून मुखवटा चढवण्याची कवायत होऊ लागली. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात बॉम्ब पडले, आगी लागल्या, ब्रिटनमध्ये सुमारे ४३ हजार नागरिक मेले, परंतु वायू मात्र आला नाही. नियतीचा उपरोध असा की या मुखवट्यांच्या गाळण्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ते बनवणाऱ्या कारखान्यांतील कित्येक कामगार स्त्रियांना पुढे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाल्याचे आढळून आले. बचावाची वस्तूच चेहऱ्याला चिकटून शाप व्हावी ही मॉफट यांची कल्पना त्या अर्थाने इतिहासापासून फार दूर नाही.

तोच फॉस्जीन भोपाळमध्ये तयार होत होता. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ‘सेविन’ या नावाने विकले जाणारे कार्बारिल हे कीटकनाशक बनत असे, आणि त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट, ज्याला तिथे ‘मिक’ म्हणत, ते मिथाइल अमाइनची फॉस्जीनशी अभिक्रिया घडवून केले जाई. शेतातल्या किडीसाठी लागणारे रसायन आणि खंदकातल्या सैनिकासाठी वापरलेले रसायन यांच्यात एका नळीचेच अंतर होते. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीनची बाधा होऊन एक कामगार मरण पावला. पुढच्याच वर्षी भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात शहरावरच्या संकटाविषयी एकामागून एक इशारे दिले. ते वाचणारे थोडे आणि मनावर घेणारे त्याहून थोडे निघाले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतले मिक तापून उकळले, आणि मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. जयप्रकाश नगर, छोला, काझी कॅम्प या भागांतल्या लोकांना पहिल्यांदा वाटले ते शेजारी कुणीतरी मिरच्या जाळल्या आणि त्यांचा खाट उठला असे. बाहेरच्या वस्तीला ऐकू जाणारा भोंगा सुरू करून थोड्याच वेळात बंद केला गेला होता, आणि तो पुन्हा वाजला तोवर वायू घराघरांत शिरला होता. जे धावले त्यांचा श्वास वाढला आणि श्वासाबरोबर वायूही अधिक गेला. ओला फडका नाकातोंडावर धरून जमिनीलगत पडून राहावे एवढे सांगणारे त्या रात्री कुणी नव्हते.

हमिदिया रुग्णालयात त्या पहाटे जे घडले ते ॲल्बियन रुग्णालयाच्या प्रसंगाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे कथेचे मर्म ध्यानात येते. हजारोंच्या संख्येने माणसे येत होती, सर्वांचे डोळे जळत होते, सर्वांना धाप लागली होती, सर्वांच्या तोंडाला फेस होता, आणि हा कोणता वायू, त्यावर उतारा काय, याची नेमकी माहिती डॉक्टरांजवळ नव्हती. कारखान्याकडून कळले ते एवढेच की वायू जळजळ करणारा असला तरी प्राणघातक नाही. गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्ताचा अस्वाभाविक लालभडक रंग दिसला आणि सायनाइडच्या विषबाधेची शंका आली. तिच्यावरचा उतारा म्हणून सोडियम थायोसल्फेट द्यावे की देऊ नये हा वाद त्यानंतर कित्येक महिने चालू राहिला आणि गॅसपीडितांच्या उपचारांवर त्याचा परिणाम झाला. वायूत कोणकोणते घटक होते याची संपूर्ण माहिती कंपनीने कधीच दिली नाही, हा पीडितांच्या संघटनांचा आरोप आजही कायम आहे. मध्य प्रदेश सरकारने आरंभी ३,७८७ मृत्यूंची नोंद केली, संघटनांच्या मते खरा आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. डॉ. कॉन्स्टंटाइन ज्या असहायतेने एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातात, ती असहायता पटकथाकाराने कल्पिली. हमिदियातल्या निवासी डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी ती भोगली.

कथेचा उलगडा या दृष्टीने फार विचार करायला लावणारा आहे. आकाशातून पडलेले नळकांडे शत्रूचे शस्त्र नसून परग्रहावरच्या चुला नावाच्या लढवय्या जमातीची रुग्णवाहिका असते. भविष्यातून आलेला कॅप्टन जॅक हा भामटा ते मोडीत निघालेले यान मौल्यवान युद्धनौका म्हणून नायकाच्या गळ्यात मारण्याच्या बेतात असतो, आणि ते रिकामे आहे याची त्याला खात्री असते. परंतु ते रिकामे नसते. त्यात ‘नॅनोजीन्स’ भरलेले असतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, जखमी शरीर दुरुस्त करणारी सूक्ष्म यंत्रे. त्यांनी मनुष्यप्राणी पूर्वी पाहिलेला नसतो. त्यांच्या हाती लागतो तो पहिला नमुना म्हणजे स्फोटात मरण पावलेले, मुखवटा घातलेले एक मूल. मुखवटा हा शरीराचाच भाग आणि जखमा ही शरीराची मूळची ठेवण, असा समज करून घेऊन ती यंत्रे त्याला पुन्हा उभे करतात, आणि मग दिसेल त्या माणसात त्या नमुन्याप्रमाणे ‘दुरुस्ती’ करत सुटतात. कथेत खलनायक नाही. रुग्णवाहिका आहे, औषध आहे, सद्हेतू आहे, आणि आत काय आहे हे तपासून न पाहता ती वस्तू गजबजलेल्या शहरात पाडणारा एक हलगर्जी, हसतमुख माणूस आहे. रोझच्या सोललेल्या हातांवर जॅक हीच यंत्रे सोडतो आणि क्षणात हात बरे होतात, हा प्रसंग पहिल्या भागातच येऊन गेलेला असतो. तो पाहताना प्रेक्षक कौतुक करतो, संशय घेत नाही, आणि रहस्यकथा कशी रचावी याचा तो वस्तुपाठ ठरावा.

युद्धाची भीषणता दाखवणाऱ्या बहुतेक विज्ञानकथा शत्रू उभा करतात. याच मालिकेतली १९७५ ची ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ ही टेरी नेशन यांची गाजलेली कथा धुक्यातून मुखवटे घालून येणाऱ्या सैनिकांच्या कत्तलीने सुरू होते, आणि तिच्यात डॅव्हरॉस हा शास्त्रज्ञ जाणूनबुजून दयामाया नसलेली जमात घडवतो. तिची थोरवी मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की डॅव्हरॉससारखा माणूस ओळखायला सोपा असतो. त्याच्याकडे बोट दाखवता येते. २००५ ची कथा अधिक अवघड जागी बोट ठेवते. भोपाळच्या कारखान्यातही शहर मारावे असा हेतू कुणाचा नव्हता. मिक थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती, निसटलेला वायू निष्प्रभ करणारी धुलाईची यंत्रणा तयारीत नव्हती, वायू जाळून टाकणारा उंच मनोरा दुरुस्तीसाठी नळीपासून सुटा केलेला होता. एकेक निर्णय खर्चात बचत म्हणून झाला, प्रत्येकाला त्या त्या वेळी कारण होते, आणि टाकीच्या आत काय आहे हा प्रश्न मात्र कुणी शेवटपर्यंत नेला नाही. कंपनीने पुढे हा घातपात असल्याचा पवित्रा घेतला, म्हणजे डॅव्हरॉस शोधला, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

नॅन्सी ही व्यक्तिरेखा या कथेचा खरा कणा आहे, आणि फ्लोरेन्स होथ यांनी ती कुठेही रडकी होऊ दिलेली नाही. भोंगा वाजला की चांगल्या घरची कुटुंबे ताटे तशीच टाकून बागेतल्या तळघरात उतरतात, हे तिने हेरलेले असते. ती बेवारस मुलांना घेऊन त्या घरात शिरते, टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बसून मांस कापते, आणि मुलांना हळू खा, नीट चावून खा असे दटावते. सप्टेंबर १९३९ मध्ये लाखो मुलांना शहरांतून खेड्यांत हलवले गेले, त्यांतली कित्येक परकी घरे न मानवून परतली, हा इतिहास या जेवणाच्या प्रसंगात एक अक्षरही न समजावता येऊन जातो. शेवटी जेमी तिचा भाऊ नसून मुलगा आहे हे उघड होते. लग्नाआधी, अगदी कोवळ्या वयात झालेले मूल लोकलज्जेस्तव तिने भाऊ म्हणून वाढवलेले असते, आणि त्याचा प्रश्न शहरभर घुमत असताना उत्तर तिला एकटीला ठाऊक असते. ती त्याला जवळ घेऊन आपण आई असल्याचे कबूल करते. नॅनोजीन्स दोघांच्या पेशी ताडून पाहतात, आई हा मूळ नमुना आणि मूल ही त्यापासूनची प्रत हे त्यांना उमगते, आणि चूक कुठे झाली ते कळताच ती यंत्रे मुखवटा देहापासून सुटा करतात. उपाय चमत्काराने झालेला नाही. दडवलेली माहिती योग्य ठिकाणी पोचली म्हणून झाला आहे. बरी झालेली माणसे मोजताना नायकाला जो अनावर आनंद होतो तो पाहणाऱ्याला पटतो, कारण या मालिकेत सगळेच्या सगळे वाचणे हे नित्याचे नाही.

भोपाळच्या कारखान्यासमोर रस्त्यापलीकडे १९८५ मध्ये डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी केलेला एक पुतळा आहे: एका हाताने चेहरा झाकलेली आणि दुसऱ्या हाताने मूल उराशी धरलेली स्त्री. गॅसकांडाची जगभर पोचलेली प्रतिमा म्हणजे मातीत पुरल्या जाणाऱ्या बालकाचे छायाचित्र. पाब्लो बार्थोलोम्यू यांच्या त्या छायाचित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. म्हणजे इथेही स्मृतीच्या केंद्रस्थानी आई आणि मूलच आहेत, फक्त कथेत मूल आईला शोधते, आणि भोपाळात पुष्कळ आयांनी आपली मुले रुग्णालयांतून, रस्त्यांतून, ओळख न पटलेल्या देहांच्या रांगांतून शोधली. पुढच्या पिढीवरच्या परिणामांचा प्रश्न तर आजही चालू आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने हाती घेतलेला दीर्घकालीन अभ्यास १९९४ मध्ये थांबला, आणि चुकीचा नमुना पुढे किती प्रतींत उतरला हे ताडून पाहण्याची सोय त्याबरोबर बरीच कमी झाली.

भारतीय दूरचित्रवाणीने या विषयाला विज्ञानकथेच्या अंगाने हात घातलेला नाही. दूरदर्शनवर १९९८ मध्ये केतन मेहता यांची, मिलिंद सोमण नायक असलेली ‘कॅप्टन व्योम’ आली, पण तिचा रोख अवकाशातल्या पाठलागांकडे होता. २०२३ मधली ‘द रेल्वे मेन’ ही चार भागांची मालिका त्या रात्री भोपाळ स्थानकावर राबलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांवरची आहे, आणि तिची पद्धत वास्तवदर्शी नाट्याची आहे. वास्तविक भोपाळच्या इतिहासातच विज्ञानकथेला साजेशी दृश्ये आहेत. १६ डिसेंबर १९८४ पासून शास्त्रज्ञ एस. वरदराजन यांच्या देखरेखीखाली कारखान्यात उरलेले मिक सेविनमध्ये रूपांतरित करून संपवण्यात आले, त्या मोहिमेला ‘ऑपरेशन फेथ’ असे नाव होते. कारखान्याभोवती ओली कापडे टांगलेली, वर हेलिकॉप्टरे पाणी शिंपत घिरट्या घालत आहेत, आणि सरकारच्या आश्वासनावर विश्वास न बसलेले हजारो भोपाळवासी गाठोडी घेऊन पुन्हा गाव सोडत आहेत, हे चित्र कुठल्याही पटकथाकाराला कल्पनेने सुचणे कठीण.

दोष काढायचाच तर कथेच्या उत्तरार्धात जॅकच्या विनोदांना जरुरीपेक्षा जास्त जागा मिळाली आहे, आणि एक पाय गमावलेल्या रुग्ण बाईला तो पाय परत फुटल्याचा विनोद गमतीचा असला तरी आधीच्या गांभीर्याला थोडा सैल करतो. त्याहून मोठी सोय लेखकाने अखेरीस करून घेतली आहे. या जागी स्फोट झाल्याची नोंद इतिहासात आहे, तेव्हा तो झालाच पाहिजे, असे म्हणून नायक त्या रुग्णवाहिकेचा स्वतःच स्फोट होईल अशी व्यवस्था करतो, आणि साऱ्या प्रकरणाचा पुरावा एका रात्रीत नाहीसा होतो. भोपाळला ती सोय मिळाली नाही. ६१० क्रमांकाची टाकी कारखान्याच्या आवारात गवतझुडपांत पडून राहिली. साठवलेला ३३७ टन विषारी कचरा हलवायला ४० वर्षे लागली, तो जानेवारी २०२५ मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला नेला गेला तेव्हा तिथले रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली तो जाळून झाल्यानंतरही कारखान्याच्या आवारातली माती आणि भोवतालच्या वस्त्यांचे भूजल यांतल्या विषाचे काय करायचे हा प्रश्न शिल्लकच आहे.